खांबेवाड्याची शिरगणती

४ फेब्रुवारी

नाही, आधी तुम्ही माझं ऐका. सिव्हिलची डिग्री घेऊन कोणी खेड्यातले नळ मोजत फिरतं का, हे मला विचारूच नका. घरात आई विचारते, गल्लीत मैत्रीण सोनाली विचारते, आता वही उघडून तुम्हीही तेच विचारणार असाल तर सरळ मिटा ती. बेंगळुरूला जाऊन पस्तिसाव्या मजल्यावरच्या संडासाचे पाइप काढायचे ते मोठं काम, आणि अख्ख्या वाडीला पाणी द्यायचं ते बारकं? कोणी ठरवलं हे?

तर. आजपासून मी मुकुंदरावांच्या ऑफिसात. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडच्या मागचा बोळ, दुसरा मजला, खाली झेरॉक्सवाला. मुकुंदराव पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले आहेत, आता लहान गावांच्या नळयोजनांचे आराखडे करून देतात. फार कमी बोलतात. मी पाऊण तास माझ्या प्रोजेक्टबद्दल सांगितलं, तेवढ्यात त्यांनी चुरमुऱ्याच्या गिरमिटची पुडी संपवली आणि म्हणाले, "खांबेवाडा तू कर."

खांबेवाडा म्हणजे अळणावर गावाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, टेकाडावर गवळ्यांची वस्ती. म्हशी पाळतात, दूध-खवा घालतात. खाली मोठं गाव आहे, त्याला नळ आहेत. आता प्रश्न एवढाच की वाड्याला स्वतःची बोअर आणि टाकी द्यायची, की खालच्या गावाच्या लाइनीचं शेपूट वर ओढायचं. माणसं पुरेशी भरली तर टाकी, नाहीतर शेपूट. शेपटाला एप्रिलात थेंब येत नाही, हे मुकुंदरावांनीच सांगितलं.

मग माणसं मोजायला कोण जाणार? मी.

७ फेब्रुवारी

पहिल्याच फेरीत काम फत्ते.

दुपारी बाराला वाड्यावर पोचले. सगळे रानात गेलेले, पाच-सहा बाया तेवढ्या घरी. त्यांच्यात हिराबाई म्हणून एक आहे, नवरा वारलेला, वाड्यात तिचा शब्द चालतो. घरं ऐसपैस आहेत. अर्धं घर तर रिकामंच, नुसते खुंटे रोवलेले.

मी योजना समजावून सांगितली. माणशी रोज पंचावन्न लिटर, घरोघर नळ. हिराबाईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आन म्हशींचं वो, अक्का?"

मी सांगितलं, म्हशी यात येत नाहीत, फॉर्मात तो रकानाच नाही. ही माणसांची योजना आहे.

तिने माझ्या फॉर्माकडे बघितलं. बाकीच्या बायांकडे बघितलं. मग पदर खोचून म्हणाली, "बरं. मग लिवून घ्या माणसं."

आणि काय भराभर सांगितलंय बाईने! शिकलेली नाही, पण अख्ख्या वाड्याची नावं तोंडपाठ. बाकीच्याही भर घालत होत्या, मधूनच एकमेकींकडे बघून हसत होत्या. लाजतात बिचाऱ्या, नाव विचारायला कोणी येतच नसेल.

आकडा आरामात भरला. टाकी बसणार.

८ फेब्रुवारी

काल दमले होते म्हणून निरीक्षणं आज लिहितेय. इतकं काही दिसलं की यावर वेगळा लेख व्हायला हवा.

एक, मुलींचं प्रमाण. यादी पुन्हा वाचली आणि खरंच गहिवरून आलं. चंद्री, मोरी, सुंद्री, रत्नी, तानी, बायडी... पुरुषांच्या दुप्पट बायका! आपण शहरातले लोक खेड्यांना नावं ठेवतो. इथे मुलगी नकोशी नाही. उलट सुंद्रीला मुलगी झाली म्हणून वाडाभर गूळ वाटला म्हणे, मुलगा झाला असता तर वाटला नसता.

दोन, आरोग्य. मोरीचं वय बारा सांगितलं, आणि वर हिराबाई म्हणते, "म्हातारी झाली की आता." बाराव्या वर्षी म्हातारी! काय आयुष्य काढत असतील या पोरी. चंद्रीचं वय विचारलं तर म्हणे "तिसऱ्या वेताची". गावठी वर्षगणना असावी. मी अंदाजाने सतरा लिहिलं.

तीन, भीम्या. प्रत्येक गावात एक भीम्या असतोच. मी विचारलं, काय करतो? हिराबाई म्हणाली, काही नाही, खातो आणि पडून असतो, कधीमधी शेजारच्या वाड्यावर नेतात कामाला. आणि या बाया त्याला बोलत नाहीत! उलट आधी त्याला चारतात, मग बाकीच्यांचं बघतात. मी तिथल्या तिथे पाच मिनिटं भाषण दिलं, की बायकांनी राबायचं आणि बाप्याने लोळायचं हे चालणार नाही. सगळ्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. एकीच्या डोळ्यांतून तर पाणी येत होतं.

११ फेब्रुवारी

मुकुंदरावांनी यादी वाचली. चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, परत वाचली.

"भीम्याला आडनाव नाही का?"

मी म्हटलं, वंचित समाजात आडनावाचा आग्रह धरणं हे आपलं शहरी खूळ आहे.

"हं," ते म्हणाले. सही केली नाही. म्हणाले, घाई नाही, आधी एकदा संध्याकाळच्या वेळेला वाड्यावर जाऊन ये. मी विचारलं, संध्याकाळी काय वेगळं दिसणार? म्हणाले, वाडा भरलेला दिसतो.

मला हे पटत नाही. परतीची बस सातला, तीही कधी येते कधी नाही. शिवाय अंधारात सर्व्हे करा असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? माणसं मुकुंदरावांच्या वयाची झाली की प्रत्येक गोष्ट दोनदा करायला लावतात.

१७ फेब्रुवारी

मुकुंदराव कामासाठी कलघटगीला गेलेत, आठवडाभर येणार नाहीत. तालुक्यातून सारखी विचारणा होतेय. सर्व्हे करणाऱ्याच्या जागी माझी सही होतीच, आराखड्यावरही मीच केली आणि सगळं पाठवून दिलं. कोणीतरी निर्णय घ्यायला हवा ना.

छान वाटतंय. एखाद्या गावाचं नशीब फिरलं की एवढाच आवाज होत असेल, स्टेपलरचा.

३ मार्च

श्रीवत्सचा फोन. हा तालुक्याच्या ऑफिसातला इंजिनिअर. कॉलेजात मला एक वर्ष सीनियर होता, तेव्हाही डबल मार्जिन आखून लिहायचा. सगळं कन्नडमध्ये झालं, शांत आवाजात, त्याचाच जास्त राग आला. यादीतली निम्मी माणसं रेशन कार्डावर नाहीत, मतदार यादीत नाहीत, शाळेत नाहीत, दवाखान्यात नाहीत. "एल्लि अदार इवरेल्ला?" आहेत कुठे हे सगळे?

मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, गरिबाकडे कागद नसला म्हणजे गरीब नसतो का? तू खुर्चीवर बसून लोकांना खोटं ठरवणार?

तो म्हणाला, तो समक्ष येऊन हजेरी घेईल. माणसं सापडली नाहीत तर योजनेवर बोगस असा शेरा मारून परत पाठवेल, आणि वाडा खालच्या गावाच्या लाइनीला जोडला जाईल, कायमचा. एकदा शेपूट जोडलं की वेगळी टाकी पुन्हा मंजूर होत नाही.

"ये," मी म्हटलं. "एकेकाला तुझ्यासमोर उभं करते."

फोन ठेवल्यावर यादी तीनदा वाचून काढली. रागाने. फक्त रागाने.

३ मार्च, पुन्हा

जेवताना घरी सगळं सांगितलं. आमचं पेढ्यांचं दुकान, आजोबांनी कोल्हापूर सोडून इथे टाकलं. माझ्या वडिलांना, अप्पांना, गिऱ्हाइकाशिवाय कुणाशी बोलायची सवय नाही, पण आज ते ऐकत होते. मी चंद्रीचं सांगितलं, मोरीचं सांगितलं, सुंद्रीला मुलगी झाल्यावर वाटलेल्या गुळाचं सांगितलं. भीम्यापाशी आले तेव्हा अप्पांनी घास ताटात ठेवला.

"उत्तरा, तिसऱ्या वेताची म्हणजे तिसऱ्यांदा व्यालेली."

मला कळेना. आईला माझ्या आधी कळलं, ती उठून आत गेली आणि आतून तिचं हसणं ऐकू यायला लागलं.

"म्हशी आहेत त्या, बाळ," अप्पा म्हणाले. "आणि तो भीम्या रेडा आहे."

४ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही.

५ मार्च

आहे. लिहिते.

पहाटेच्या बसने वाड्यावर गेले. हिराबाई धार काढून नुकती उठली होती. सतरा वर्षांची चंद्री शेजारीच उभी, माझ्याकडे बघत रवंथ करत होती. एक शिंग खाली वळलेलं, डोळे काजळ घातल्यासारखे. मला तिच्याकडे बघवेना.

मी हिराबाईला स्पष्ट विचारलं, माझी फसवणूक का केलीत? माझी सही आहे त्या कागदावर. माझी नोकरी जाईल, वर तुमची टाकीही जाईल.

तिने दुधाची चरवी खाली ठेवली. "तुमीच म्हणालासा, म्हशी यात येत न्हाईत. मग कशात येतात ते सांगा. खालच्या गावच्या योजनेत आल्या न्हाईत, बँकेच्या कर्जाच्या टायमाला आल्या न्हाईत. फक्त आमच्या घरात येतात."

मी म्हटलं, म्हणून खोटं सांगायचं?

"नावं खरी हाईत की, अक्का. एक तरी खोटं हाय काय?"

मग तिने उन्हाळ्याचं सांगितलं. गेल्या वर्षी ओढा आटला तेव्हा खालच्या गावातून घागरी आणल्या, रोज, चढ चढून. निम्मं पाणी म्हशींना जायचं. तरी दोघी विकाव्या लागल्या, एक तर चंद्रीची बहीण. यंदाही तसंच झालं तर वाडा उठणार. म्हशी नाहीत म्हटल्यावर गवळ्याने इथे रानात राहून करायचं काय? पोरं हुबळीला जातील हमालीला. तिचा दीर अमरगोळच्या मार्केटात पोती उचलतोच आहे, त्याच्या म्हशी संपल्या म्हणून.

हे सगळं खरं असेल. पण मी चिडलेले होते. यादी काढली आणि तिच्यासमोर एकेक नाव वाचून खोडत गेले. चंद्री. मोरी. रत्नी. ती चरवीवर फडकं बांधत होती. भीम्यावर आले तेव्हा फक्त म्हणाली, "त्येला तरी ठेवा, तुमी भाषण दिलंसा त्याच्यावर." आणि आत निघून गेली.

मला हसू आलं नाही. आता लिहिताना थोडं येतंय.

९ मार्च

चार दिवस डोकं चालवलंय. निष्कर्ष असा की मी चुकले होते, पण चुकीच्या ठिकाणी नाही.

खऱ्या माणसांच्या आकड्यावर वाड्याला शेपूटच मिळतं, नियमाने. म्हणून शेपटाचं गणित मांडून बघितलं. वाडा उंचावर, पाइप तिथवर चढतो. सकाळी खालच्या गावातले नळ उघडे असले की वर दाब पोचतच नाही. वाड्यावरच्या नळातून त्या वेळेला नुसती हवा फुसफुसणार. खालच्या गावाने नळ बंद ठेवले तरच पाणी चढेल, आणि दुसऱ्यासाठी स्वतःचा नळ बंद ठेवणारं गाव मी अजून बघितलेलं नाही. म्हणजे शेपूट कागदावर स्वस्त आणि प्रत्यक्षात कोरडं.

दुसरं गणित. म्हैस एका माणसाच्या वाट्याच्या वर पाणी पिते, अप्पांच्या खवेवाल्यांना फोन करकरून विचारलं. माणसांपुरतं पाणी दिलं की घरातली बाई ते निम्मं म्हशीपुढे ओतणारच. न ओतून करेल काय? म्हणजे आपण ज्याला माणशी पंचावन्न म्हणतोय, ते वाड्यावर माणशी पंचावन्न कधी नव्हतंच.

म्हणून नवा आराखडा केलाय. वाड्याची स्वतःची बोअर. टाकी लहान चालेल, पण तिच्यातून दोन फाटे. एक घरांना. दुसरा खाली, जनावरांच्या हौदाला, वेगळ्या व्हॉल्व्हने. पाणी कमी पडलं तर आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते वाड्याने ठरवावं.

चांगला आहे. खरंच चांगला आहे. कॉलेजातल्या प्रोजेक्टपेक्षा शंभर पट.

१० मार्च

मुकुंदरावांना सगळं सांगितलं. यादी, सही, म्हशी, सगळं. वाटलं होतं हाकलतील. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. वयामुळे असेल.

मग आराखडा उघडला. शेपटाच्या गणितावर दोनदा बोट फिरवलं. म्हणाले, जनावरांना रकाना नाही, हे तुलाही माहीत आहे. मी म्हटलं, म्हणून वेगळं पान जोडलंय. कोणीतरी पहिल्यांदा जोडायला हवं.

त्यांनी त्या वेगळ्या पानावर सही केली. फक्त त्याच पानावर, माझ्या सहीच्या वर.

आणि म्हणाले, श्रीवत्सला हजेरीला संध्याकाळी बोलाव. सहाच्या सुमाराला. परत तेच! मी बसची अडचण सांगितली तर म्हणाले, मग बसच्या वेळेला निघून ये. पुढचं काम तुझं नाहीच आहे तिथे.

मला अजूनही त्यांचं हे संध्याकाळचं खूळ कळलेलं नाही. पण ठीक आहे, एवढं ऐकते.

श्रीवत्सला लेखी कळवलं: पहिल्या यादीत नोंद चुकीची झाली, चूक माझी. माणसांची खरी यादी सोबत जोडली आहे. खोडलेल्या नावांची हजेरी कृपया समक्ष घ्यावी.

त्याचं उत्तर एका शब्दाचं. येतो.

१९ मार्च

हे उद्या लिहिलं तर निम्मं निसटेल, म्हणून बसमध्येच लिहितेय. अक्षर वाईट आहे, वाचायची सक्ती नाही.

श्रीवत्स मोटरसायकलवरून आला, शर्ट इन केलेला, फाइल पोटाशी. हिराबाई माझ्याशी बोलत नव्हती. मी काय करणार ते मी तिला सांगितलेलं नव्हतं, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. बाया ओसऱ्यांवर उभ्या होत्या. आधी माणसांची हजेरी झाली, सगळी बरोबर. श्रीवत्सने टिकमार्क केले आणि मला म्हणाला, आता ती खोडलेली. कुठे आहेत?

रानाच्या बाजूने घंटा ऐकू आल्या. मग धूळ दिसली. मग सगळा वाडा एकदम भरला. काळ्या पाठी, शिंगं, फुरफुर, मध्येच रेडकांची पळापळ. श्रीवत्सला भिंतीला चिकटावं लागलं. मलाही. इतक्या सगळ्या असतील असं मला कागदावर कधी जाणवलं नव्हतं.

मी खोडलेली यादी काढली आणि मोठ्याने वाचली. "चंद्री."

कोणी हललं नाही. साहजिक आहे, माझा आवाज त्यांना कुठे माहीत? मी तेच नाव परत वाचलं. श्रीवत्सने फाइल मिटायला घेतली.

मग हिराबाई ओसरीवरून उतरली. माझ्याकडे बघितलंही नाही. "चंद्रेऽऽ," तिने हाक मारली, लांबवून, आणि त्या गर्दीतून एक शिंग खाली वळलेली म्हैस वाट काढत आली आणि तिच्या खांद्याला तोंड लावून उभी राहिली.

मी पुढचं वाचलं. मोरी. शेजारच्या बाईने हाक मारली, मोरी आली, सावकाश, म्हातारीच ती. रत्नी. तानी. सुंद्री तिच्या पोरीला घेऊन आली. बायडी आली नाही, ती हट्टी आहे असं तिच्या मालकिणीने सांगितलं, पण तिने कान हलवला, तो आम्ही हजेरीत धरला. भीम्याला कोणी बोलवायच्या आधीच तो येऊन श्रीवत्सच्या फाइलचा वास घेत होता. श्रीवत्सने फाइल ओढून घेतली. एकदा त्याने टिकमार्क करायला पेन टेकवलेलं मी बघितलं, मग त्याच्या लक्षात आलं असावं आपण काय करतोय ते.

पण खरी गोष्ट त्यानंतर झाली, आणि ती माझ्या आराखड्यात नव्हती. बायांनी घरातून घागरी आणल्या. दुपारी खालच्या गावातून चढवून आणलेलं, प्यायचं पाणी. दगडी डोणीत ओतायला लागल्या. म्हशी पीत होत्या, आणि ज्या घागरीतून ओतलं त्याच घागरीच्या तळाचं पाणी हिराबाईने तांब्यात काढलं आणि श्रीवत्सपुढे धरलं. पाहुणा होता ना तो. तांब्या जेमतेम निम्मा भरला होता.

त्याने तांब्याकडे बघितलं, घागरीकडे बघितलं. घ्यावा की न घ्यावा, कळेना त्याला.

बस खालच्या वळणावर हॉर्न देत होती. मी वेगळं पान त्याच्या फाइलवर ठेवलं.

"माणसांची यादी खरी आहे," मी म्हटलं, "आणि ही पण खरी आहे. माझी चूक एवढीच की मी त्यांना एका रकान्यात घातलं. तू माझ्यावर काय शेरा मारायचा तो मार, त्याचं मी बघते. पण शेपूट जोडणार असशील तर दाबाचं गणित आधी खोटं ठरव. आणि ते जमलं नाही तर इथे उभा राहून ठरव, या तांब्यातलं पाणी नक्की कोणाच्या वाट्याचं आहे."

त्याने तोंड उघडलं. हिराबाईही काहीतरी म्हणायला माझ्याकडे वळली, चौदा दिवसांनी पहिल्यांदा.

मी थांबले नाही. चप्पल हातात घेतली आणि उतार धरून पळत सुटले.